पॉडचं कॉफी मशीन नवीन घेतलंय? आधी पाण्याकडे लक्ष द्या

पॉडवालं, म्हणजे एका कपापुरती कॉफी भरलेल्या बंद डबीवर (पॉडवर) चालणारं कॉफी मशीन घरी आलं की खोका उघडायचा, पाणी भरायचं, पॉड ठेवायचा, बटण दाबायचं आणि मिनिटभरात कप हातात, एवढंच तर काम, त्यामुळे यात शिकण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण आता बरीच वर्षं रोज वापरतोय आणि ओळखीत कुणी नवीन मशीन घेतलं की मी सगळ्यात आधी एकच सांगतो, पाणी सांभाळ. कारण बघा, कॉफी किती घ्यायची, किती भाजायची, किती बारीक दळायची हे सगळं पॉड भरणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, तिथे आपला हात पोचत नाही. आपल्या हातात राहतं ते पाणी. कुठलं पाणी, किती पाणी, कधी भरलेलं, आणि आतल्या नळ्यांतून ते नीट वाहतंय का. चव बिघडते ती इथेच, आणि मशीन रुसतं तेही बहुतेक वेळा इथेच.

आधी आपलं मशीन कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

हे सांगायचं कारण म्हणजे नवीन माणूस पहिली चूक पॉड आणताना करतो. ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिला क्युरिग या कंपनीच्या मशीनसारखा. प्लास्टिकचा छोटा पेला, वर पातळ झाकण चिकटवलेलं, आत कागदी फिल्टर आणि त्यात साधारण १० ग्रॅम कॉफी. मशीनचं हँडल खाली दाबलं की वरून एक सुई झाकणात घुसते आणि खालून एक सुई पेल्याच्या बुडात. वरच्या सुईतून गरम पाणी आत येतं, खालच्या सुईतून कॉफी बाहेर पडते. दाब फारसा नसतो, म्हणून मगभर साधी, गाळलेली कॉफी मिळते. ही मशीनं आधी ऑफिसांसाठी आली, १९९८ मध्ये, आणि घरी वापरायची २००४ मध्ये.

दुसरा नेस्ले कंपनीच्या नेस्प्रेसोसारखा. नेस्लेतले इंजिनिअर एरिक फाव्र यांच्या डोक्यातली ही कल्पना, पेटंट १९७६ चं आणि कंपनी सुरू झाली १९८६ मध्ये. यात पॉड म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी कॅप्सूल असते, आत ५-६ ग्रॅमच कॉफी, पण पंप १९ बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या साधारण १९ पट) दाब देऊ शकतो त्यामुळे ४० मिलीची दाट एस्प्रेसो येते, वर फेसाचा थर. तिसरा प्रकार नेस्प्रेसोच्याच, २०१४ मध्ये आलेल्या व्हर्चुओ मशीनसारखा, ज्यात मशीन कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून पाणी किती सोडायचं ते स्वतःच ठरवतं आणि कॅप्सूल मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत गरागरा फिरवून कॉफी काढतं.

एका प्रकारचा पॉड दुसऱ्यात चालत नाही, जबरदस्ती बसवू नका, आतलं काहीतरी मोडेल. पहिल्या दोन प्रकारांची मूळ पेटंटं २०१२ च्या सुमारास संपली म्हणून त्यांच्यासाठी इतर कंपन्यांचे पॉडही सर्रास मिळतात आणि बहुतेक नीट चालतात. पण काही मशीन पॉडची खूण वाचून अनोळखी पॉड नाकारतात. क्युरिगने २०१४ च्या नव्या मशीनमध्ये तसं केलं होतं, लोक इतके वैतागले की २०१५ मध्ये कंपनीने चूक मान्य करून स्वतःची कॉफी भरायचा कप परत आणला. तेव्हा दुसऱ्या कंपनीचे पॉड घेताना आपलं मॉडेल त्यावर लिहिलंय का ते बघा आणि आधी छोटं पाकीट आणा, एकदम शंभर नको.

पहिला दिवस

मशीन ओट्यावर सपाट जागी ठेवा, वर फडताळ असेल तर हँडल पूर्ण उघडेल आणि टाकी वरून काढता येईल एवढी मोकळी जागा सोडा. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. ही मशीनं पाणी तापवताना १२००-१५०० वॅटच्या आसपास वीज ओढतात, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावली तर वायर तापते.

टाकी काढून साध्या पाण्याने धुवा. साबण लावलाच तर अगदी थेंबभर आणि मग खळखळून धुवायचं. आतून फडक्याने पुसू नका, हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याला सवय असते, पण फडक्याचे बारीक तंतू टाकीत राहतात आणि तिथून आत जातात. उपडी ठेवा, आपोआप वाळते. टाकीत कोळशाचा फिल्टर बसत असेल तर तो आधी ५ मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, मग मिनिटभर नळाखाली धरा, नाहीतर पहिल्या दोन-चार कपांत काळी भुकटी दिसते. दर २ महिन्यांनी तो बदलायचा, तारीख फिल्टरच्या झाकणावरच लिहून ठेवा म्हणजे विसरायला होत नाही.

आता पॉड न घालता नुसतं गरम पाणी तीन वेळा काढा, सगळ्यात मोठ्या मापाचं. फॅक्टरीतला वास, धूळ जे काही असेल ते निघून जातं. पहिल्या वेळेला पंप जोरात घुर्र करेल, पाणी यायला वेळ लागेल, घाबरू नका, नळ्या कोरड्या असतात म्हणून हवा ओढतो.

रोजचा कप, पायरी पायरीने

मशीन सुरू करा आणि पूर्ण तापू द्या. पहिला कप काढायच्या आधी एकदा पॉड न घालता नुसतं पाणी त्याच कपात घ्या आणि ओतून टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण कप गरम होतो, आतल्या नळ्या गरम होतात आणि रात्रभर नळीत बसलेलं पाणी बाहेर जातं. सकाळचा पहिला कप कोमट येतो अशी तक्रार असते ना, ती यानेच निम्मी मिटते.

मग पॉड. झाकण आधी सोलायचं नाही, बोटाने भोक पाडायचं नाही, तसाच ठेवायचा. पॉड नीट सरळ बसलाय बघा आणि हँडल एका दमात शेवटपर्यंत खाली दाबा. अर्धवट दाबून परत उचललं तर झाकणाला दोन भोकं पडतात आणि दुसऱ्या भोकातून पाणी बाहेर फुटतं, गाळ कपात येतो. कॉफी येत असताना हँडल उघडू नका, आत गरम पाणी दाबाखाली असतं आणि ते थेट हातावर येतं.

कप भरला की थेंब पडायचे थांबू द्या, हँडल उचला, सुई टोकदार असते म्हणून बोटं लांब ठेवा, आणि वापरलेला पॉड लगेच काढून टाका. दुसऱ्या दिवशीपर्यंत आत राहिला तर त्या उबदार ओल्या चोथ्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि तो चोथा वाळून सुईत घट्ट बसतो तो वेगळाच त्रास. ज्या मशीनमध्ये पॉड मागच्या डब्यात पडतो तिथे तो डबा रोज रिकामा करायचा, भरेपर्यंत थांबायचं नाही.

किती पाणी घ्यायचं, हे नीट समजून घ्या

पॉडची कॉफी पाणचट लागते असं म्हणणारे खूप भेटतात आणि दहातल्या आठ जणांचं एकच कारण असतं, सगळ्यात मोठं बटण. थोडा हिशोब करून बघू. चांगली गाळलेली कॉफी करायची तर लिटरभर पाण्याला साधारण ५५ ग्रॅम कॉफी हे प्रमाण कॉफीच्या धंद्यात मानलं जातं, स्पेशालिटी कॉफी असोसिएशनही तेच सांगते. पॉडमध्ये १० ग्रॅम असेल तर त्याला पाणी येतं १८० मिलीच्या आसपास, म्हणजे बऱ्याच मशीनवरचं सगळ्यात लहान माप. ३५० मिलीचं बटण दाबलं तर कॉफी तेवढीच, पाणी जवळजवळ दुप्पट. नुसती पातळच होते असं नाही, शेवटचं पाणी आधीच रस निघून गेलेल्या चोथ्यातून जातं आणि नको तो कडवटपणा घेऊन येतं. म्हणून पातळ आणि कडू दोन्ही एकदम.

मोठा मग पाहिजेच असेल तर दोन रस्ते आहेत. दोन पॉड, दोन्ही लहान मापात. किंवा एक पॉड लहान मापात काढा, पॉड काढून टाका आणि मग त्यात वरून नुसतं गरम पाणी घ्या, पाणी तेवढंच पण चोथ्यातून न गेलेलं, चव कितीतरी स्वच्छ लागते. एकदा शेजारी शेजारी दोन कप करून प्या, परत मोठं बटण दाबणार नाही.

एस्प्रेसोच्या कॅप्सूलला पण हाच नियम. पाकिटावर एस्प्रेसो लिहिलं असेल तर ४० मिली, लुंगो (जास्त पाण्याची एस्प्रेसो) लिहिलं असेल तरच ११० मिली. दूध घालून पिणारे असाल तर लहान माप घ्या आणि दूध वेगळं गरम करून घाला. टाकीत दूध कधीही, कधीही ओतू नका, आत करपून चिकटलं की ते निघत नाही. बर्फाची कॉफी करायची तर ग्लास भरून बर्फ घ्या आणि त्यावर लहान माप काढा, ग्लास स्टीलचा नाहीतर जाड प्लास्टिकचा असू द्या, काचेचा तडकू शकतो.

पाणी कुठलं भरायचं

रोज ताजं भरा. टाकीत कालचं उरलं असेल तर झाडांना घाला. पाणी एक-दोन दिवस तसंच राहिलं की टाकीच्या बुडाला बोट लावून बघा, बुळबुळीत लागतं, तो थर जिवाणूंचा असतो आणि पाणी नुसतं टॉप-अप करत राहिलात तर तो कधीच जात नाही. आठवड्यातून एकदा टाकी काढून धुवायचीच.

जड पाणी असेल, म्हणजे गीझरच्या कॉइलवर, किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल, तर तोच थर मशीनमध्येही धरणार. गाळलेलं पाणी वापरा. मग डिस्टिल्ड पाणी सगळ्यात चांगलं असं वाटतं, पण तसं नाही. काही मशीनना टाकीत पाणी आहे हे पाण्यातल्या क्षारांवरूनच कळतं, अगदी क्षारच नसलेलं पाणी भरलं तर ते टाकी भरलेली असूनही पाणी भरा असंच सांगत बसतं. आणि चवही सपक लागते, कॉफीचा स्वाद निघायला पाण्यात थोडे क्षार लागतात.

अर्धाच कप येतोय? सुई बघा

माझं पहिलं मशीन, वर्षभर अगदी व्यवस्थित चाललं आणि मग हळूहळू कप कमी भरायला लागला. आधी बोटभर कमी, मग पाऊण, मग अर्धाच. पंपाचा आवाज मात्र सुरू. मी कस्टमर केअरला फोन केला, पलीकडच्या माणसाने काही न विचारता नवीन मशीनवर सूट देतो म्हणून सांगितलं, सुईचा विषयच काढला नाही. मला ते चालू मशीन टाकून द्यायचं फार जिवावर आलं. रात्री प्लग काढला, हँडल उचलून आत टॉर्च मारला. वरच्या सुईच्या टोकाजवळ बाजूला बारीक छिद्र असतं, ते पूर्ण काळं, बुजलेलं. कागदाला लावायची यू-पिन सरळ केली आणि छिद्रात हलकेच फिरवली तर मोहरीएवढा कॉफीचा घट्ट खडा निघून तळहातावर पडला. एवढाच. नुसतं पाणी दोन वेळा काढलं आणि तिसऱ्यांदा पॉड लावला, कप काठोकाठ भरला.

म्हणून पहिल्या प्रकारचं, सुईवालं मशीन असेल तर हे काम दर महिन्याला करा, अर्धा कप व्हायची वाट बघू नका.

प्लग काढा, मशीन गार होऊ द्या. पॉड ज्यात बसतो तो होल्डर बाहेर ओढून काढा, बहुतेक मशीनमध्ये निघतो, खालचं नरसाळंही वेगळं होतं. दोन्ही कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. होल्डरच्या तळाशी खालची सुई दिसेल, तिच्यातही सरळ केलेली यू-पिन आत घालून फिरवा आणि वाहत्या पाण्याखाली धरा. मग मशीनमधली वरची सुई, खालून वर. जोर लावायचा नाही, आणि बोट सुईच्या टोकाखाली येऊ द्यायचं नाही, चांगलीच टोकदार असते. सगळं परत बसवून पॉड न घालता दोन-तीन कप पाणी काढा, काळे कण येतात ते येऊ द्या.

हॉट चॉकलेटचे पॉड वापरत असाल तर ही भानगड लवकर होते कारण साखर आणि पावडर सुईत चिकटते. प्रत्येक चॉकलेट पॉडनंतर लगेच एक कप नुसतं पाणी काढायची सवय लावा, पुढच्या माणसाच्या कॉफीला चॉकलेटचा वासही येणार नाही.

डिस्केलिंग, म्हणजे आतला पांढरा थर काढणं

पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन नळ्यांना आणि हीटरला चिकटतो. हा थर उष्णता अडवतो, म्हणून कॉफी कोमट येते, वाट अरुंद करतो म्हणून कप भरायला वेळ लागतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. हे सगळं आत होत असतं, बाहेरून मशीन चकचकीत दिसतं, म्हणून लोक टाळत राहतात. मशीनवर लाइट लागला की करा, आणि लाइट नसेल तर जड पाण्याला दर ३ महिन्यांनी, मऊ पाण्याला ६ महिन्यांनी.

काय वापरायचं? कंपनीचं डिस्केलिंग लिक्विड सगळ्यात सुरक्षित. ते नसेल आणि मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर लिटरभर पाण्यात १५-२० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून घ्या. व्हिनेगरबद्दल माझं स्पष्ट मत आहे की टाळा. काही कंपन्या चालतं म्हणतात, काही ठाम नाही म्हणतात, आणि वास रबरी भागांत बसला की आठवडाभर कॉफीला येतो. आणि ब्लीच कुठल्याच परिस्थितीत नको, आम्लात ब्लीच मिसळलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

आता कृती. पॉड काढा, पाण्याचा फिल्टर टाकीतून काढून बाजूला ठेवा, हे बरेच जण विसरतात आणि फिल्टर वाया जातो. टाकीत द्रावण भरा. खाली मोठं भांडं ठेवा आणि कपामागून कप काढत अर्धी टाकी रिकामी करा. आता मशीन बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या, थर विरघळायला वेळ लागतो, पण रात्रभर मात्र ठेवू नका, आम्ल आतल्या धातूलाही लागतं. मग उरलेलं काढा. भांड्यात पांढुरके कण दिसले तर समजा काम होतंय. टाकी धुवा, ताजं पाणी भरा आणि पूर्ण टाकी रिकामी होईपर्यंत काढा, मग परत एकदा तसंच. दुसऱ्या टाकीच्या शेवटच्या कपात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, बुडबुडे आले तर आम्ल अजून आहे, आणखी एक टाकी. बुडबुडे नाही आले तरी एक घोट चाखून बघा, आंबट लागलं तर तेच.

काही मशीनमध्ये डिस्केलिंगचा वेगळा मोड असतो, दोन बटणं एकदम दाबून सुरू होतो. तो असेल तर तोच वापरा, मधेच थांबवू नका, अर्धवट सोडलं तर बरीच मशीन परत कॉफीच्या मोडला येत नाहीत.

स्वतःची कॉफी भरायचा कप

पॉडच्या जागी बसणारा, जाळीचा, पुन्हा पुन्हा वापरायचा हा कप काही दिवसांनी आणाच. चवही आपली आणि कचराही कमी. दळण मध्यम हवं, रवाळ, चिमटीत चोळलं तर कण जाणवायला हवेत. पिठासारखी बारीक पूड घातली तर जाळी तुंबते, पाणी वरून उतू येतं आणि कपात साका. खुणेच्या वर भरू नका आणि दाबून तर अजिबात भरू नका, ओली झाली की फुगते. वापरला की लगेच धुवायचा, जाळी उजेडात धरून बघा, छिद्रांतून उजेड दिसला म्हणजे स्वच्छ.

तयार पॉडचा कचरा टाकताना झाकण फाडून चोथा वेगळा करा, तो झाडांच्या मातीत नाहीतर कंपोस्टमध्ये जातो. ॲल्युमिनियमची कॅप्सूल धुऊन धातूच्या कचऱ्यात, प्लास्टिकचा पेला कागदी फिल्टर काढून प्लास्टिकमध्ये. पॉड फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, हवाबंद असतात, ऊन आणि गॅसची धग लागणार नाही अशा ठिकाणी पुरे.

बाकी छोट्या अडचणी

पंप वाजतो, पाणी येत नाही: टाकी काढून परत घट्ट बसवा, बहुतेक वेळा खालचा व्हॉल्व्ह उघडलेला नसतो. तरी नाही तर आत हवा अडकलीये, टाकी काठोकाठ भरून पॉड न घालता दोन-तीन वेळा चालवा.

हँडलच्या बाजूने पाणी गळतं: पॉड तिरका बसलाय, किंवा वरच्या सुईभोवतीच्या रबरी रिंगला चोथा लागलाय. ओल्या कापसाने रिंग पुसा. रिंग फाटली असेल तर ती बदलावीच लागते.

खालचा ट्रे: रोज ओता. तिथलं पाणी दोन दिवसांत आंबूस वास मारतं आणि आपण विनाकारण कॉफीला नावं ठेवतो.

पंधरा दिवस बाहेर जाणार असाल तर जायच्या आधी टाकी, ट्रे, वापरलेल्या पॉडचा डबा सगळं रिकामं करून उघडं वाळवा आणि प्लग काढा. मशीन दुसरीकडे हलवायचं असेल तर आडवं करू नका, काही मशीनच्या आत टाकीशिवायही पाणी साठलेलं असतं, ते विजेच्या भागांवर जातं. परत आलात की टाकी धुऊन ताजं पाणी भरा, तीन मोठे कप नुसतं पाणी काढा, आणि चौथ्याला पॉड.